साडेसातशे किलोच्या ट्रेलरमध्ये सामान, बॅटरी आणि गॅस कुठे बसवायचं

प्रश्न खारघरहून आला आहे. बारा फुटी, एका एक्सलचा कॅम्पर ट्रेलर. आरसीवर एकूण वजन ७५० किलो, रिकामं वजन ५४०. ओढायला डिझेल एसयूव्ही, माणसं तीन, त्यातलं एक सात वर्षांचं. फिरणं बहुतेक कोकणात, आणि मनात एकदा हिमाचलातलं थंड स्पिती. बेत असा: मागच्या बंपरवर सामानासाठी लोखंडी पेटी, पुढे ड्रॉबारवर (ट्रेलर ओढायच्या पुढच्या दांड्यावर) एकच मोठी बंद पेटी, तिच्यात घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपियर-तासांची ट्युब्युलर बॅटरी आणि तिला खेटून घरचाच १४.२ किलोचा सिलिंडर. शिवाय पाण्याची ३० लिटरची टाकी आहे तिच्या जोडीला तेवढीच आणखी एक. विचारणारे म्हणतात, अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये पुढे प्रोपेनच्या दोन टाक्या आणि त्यांच्या लगेच मागे बॅटरी दिसते, तसंच करू ना?

तसं करू नका. का करू नका ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं ‘नको’ म्हटलं की माणूस दुसऱ्या फॅब्रिकेटरकडे जातो आणि तो ‘होऊन जाईल साहेब’ म्हणून वेल्डिंगला बसतो. माझं काम रबाळ्याच्या एमआयडीसीत. कॅम्पर, फूड ट्रक, तपासणीच्या व्हॅन अशा गाड्यांचं आतलं फिटिंग आणि वायरिंग करतो. यातली बरीच दुरुस्तीची कामं अशीच येतात, म्हणजे आधी कोणीतरी ‘होऊन जाईल’ म्हटलेलं असतं.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत: सामान, बॅटरी, गॅस. पण प्रश्न एकच आहे. ७५० वजा ५४०, म्हणजे २१० किलो तुमच्या हातात आहेत. ते कशावर खर्च करायचे आणि ट्रेलरच्या कुठल्या भागात ठेवायचे, एवढंच ठरवायचंय. दुकानात बॅटरी विकणारा तिची क्षमता सांगतो, किंमत सांगतो. वजन आपण विचारल्याशिवाय सांगत नाही.

तुमच्या बेताची बेरीज करून पाहू. पाणी भरलेली दीडशेची ट्युब्युलर बॅटरी साधारण ५८ किलो. भरलेला घरगुती सिलिंडर ३० किलोच्या आसपास, कारण आतल्या १४.२ किलो गॅसइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, पत्र्याचं वजन असतं. ती पुढची पेटी १२. झाले शंभर. मागची लोखंडी पेटी ४० आणि तिच्यातलं सामान ३५, म्हणजे ७५. दोन टाक्यांचं पाणी ६०. फ्रिज आणि त्यातला माल २०. कपडे, गाद्या, भांडी, खुर्च्या, छत्री-तंबू ६०. एकूण ३१५. म्हणजे ट्रेलर ८५५ किलोंवर गेला, आरसीपेक्षा शंभराहून जास्त.

७५० हा आकडा उगाच आलेला नाही. आपल्याकडे ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर टी-१ वर्गात मोडतो, त्याच्या पुढे ३.५ टनांपर्यंत टी-२. एक्सल, टायर, पाटे, कपलर (ड्रॉबारच्या टोकाची, गाडीला अडकणारी पकड) हे सगळं त्या वजनाला धरून बसवलेलं असतं. या छोट्या ट्रेलरना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे परशुराम घाट उतरताना मागचं सगळं वजन तुमच्या एसयूव्हीच्याच ब्रेकवर येतं. आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. आतली कपाटं, बॅटरी यावर सहसा कोणी बोट ठेवत नाही. पण सांगाडा कापणं, ड्रॉबार लांब करणं, मागे कायमचा लोखंडी मचाण वेल्ड करणं हे करायचं असेल तर आधी पनवेलच्या आरटीओत विचारा. अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा तेच बघतो.

आता वजन कुठे ठेवायचं ते. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के वजन पुढे हिचवर, म्हणजे एसयूव्हीच्या मागे ट्रेलर अडकवतो त्या जोडावर, टेकलेलं असायला हवं. त्याहून कमी असेल तर वेगात शेपूट हलायला लागते. जास्त असेल तर एसयूव्हीचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग तरंगल्यासारखं लागतं. शिवाय एसयूव्हीच्या हिचचीही कमाल मर्यादा असते. ती हिचच्या प्लेटवर किंवा गाडीच्या पुस्तकात सापडते, आणि ट्रेलरला काही का परवडेना, ती ओलांडायची नाही.

तुमच्या मापाच्या ट्रेलरला एक्सलपासून कपलरचं अंतर ३ मीटर धरतो, आणि रिकामा असताना हिचवर ५५ किलो. ड्रॉबारवरची पेटी एक्सलपासून २.४ मीटर पुढे आली, तर तिच्या १०० किलोंपैकी ८० हिचवर उतरतात. झाले १३५. मागची ७५ किलोची पेटी एक्सलच्या १.८ मीटर मागे, ती हिचवरून ४५ किलो उचलते. उरले ९०. आठशे पंचावन्नच्या मानाने दहा-अकरा टक्के. बाकीचं सामान एक्सलच्या आसपास आहे असं समजू. कागदावर झकास जमलं! फॅब्रिकेटर तुम्हाला हेच दाखवेल: पुढे वजन, मागे वजन, तोल बरोबर.

पण हा तोल उभ्या गाडीचा आहे. कावडीच्या दोन्ही टोकांना भरलेले हंडे असतात, कावड खांद्यावर अगदी समतोल असते, आणि एकदा झोका घ्यायला लागली की थांबवताना माणूस भेलकांडतो. ट्रेलरचं तेच होतं. वजन दोन टोकांना असलं की तो सहजी हलत नाही हे खरं, पण हलला की थांबत नाही. पेणच्या पुढे शिवशाही शेजारून जोरात गेली, हवेचा एक धक्का बसला, की हाच ट्रेलर डावी-उजवीकडे झोल खायला लागतो आणि प्रत्येक झोल आधीच्यापेक्षा मोठा असतो. म्हणून नियम साधा: जड वस्तू एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, आणि जमिनीलगत. टोकांना फक्त हलकं. मागच्या बंपरवर काही म्हणजे काहीच नको. फार तर चटया, फोल्डिंगचा तंबू. सायकलचा स्टँडही नको.

सामानाची जागा कशी काढायची? आपल्याकडचा सुतार घरातल्यासारखं १८ मिलिमीटरचं प्लाय वापरतो, वर सनमायका, आत पांढरं लॅमिनेट. आठ बाय चारच्या अशा एका शीटचं वजनच ३०-३५ किलो भरतं. दोन शीटांचं कपाट केलं की तुमच्या २१० मधले साठ-सत्तर गेले आणि आत अजून एक चमचाही ठेवलेला नाही. माझ्याकडे आम्ही ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा करतो, त्यावर ६ मिलिमीटरचं मरीन प्लाय, तेही जिथे पृष्ठभाग लागतो तिथेच. बाकी सगळीकडे जाळी किंवा कॅनव्हासचा पडदा. याचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळतो. नवी मुंबईच्या जुलैमध्ये बंद कपाटात ठेवलेली चादर पंधरा दिवसांत वास मारते आणि महिन्याभरात तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. जाळीच्या कपाटात हवा खेळते.

पलंगाखाली, एक्सलच्या रेषेत, भाजीवाल्यांचे असतात तसे प्लास्टिकचे क्रेट वापरा. तुर्भ्याच्या मार्केटजवळ मिळतात, वजनाला हलके, धुता येतात, पाणी गळून जातं. खाली नायलॉनच्या पट्ट्या लावल्या की क्रेट ड्रॉवरसारखे सरकतात. फक्त पुढून एक पट्टा हवा, नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरला सगळा संसार जमिनीवर येतो. भांडी, डबे, तेलाच्या बाटल्या, हत्यारं इथे. वरच्या कप्प्यांत फक्त कपडे. छतावर पेटी लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. घाटात वळणावर ट्रेलर किती कलतो ते एकदा आरशात बघितलं की तो मोह आपोआप जातो.

आणि दुसरी पाण्याची टाकी रद्द करा. एक लिटर म्हणजे एक किलो, हे माहीत सगळ्यांनाच असतं, भरताना कोणी आठवत नाही. कोकणात पाणी प्रत्येक गावात मिळतं. वाटेत वीस लिटरचा कॅन भरून घ्यायचा, तोही एसयूव्हीत. खरं तर एसयूव्हीची डिकी हीच तुमची सगळ्यात चांगली कोठी आहे, तिच्याकडे कोणी लक्षच देत नाही.

आता बॅटरी, ज्यात तुमचे सगळ्यात जास्त पैसे जाणार आहेत. आधी खर्च किती तो मांडायचा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला चाळीस लिटरचा फ्रिज चालू असताना ४५ वॉट घेतो. मे महिन्यात गुहागरला तो निम्मा वेळ चालूच असतो, म्हणजे दिवसाला ५४० वॉट-तास. दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे, १५ वॉटचे, दहा तास: ३००. दिवे ५०. मोबाइल, पाण्याचा पंप, मुलीचा टॅब मिळून १००. एकूण हजाराच्या आसपास. हिवाळ्यात हाच आकडा सहाशेवर येतो.

तुमची १५० ची ट्युब्युलर म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. पण शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झरझर संपतं, म्हणजे हाताशी ९००. त्यासाठी ५८ किलो वाहायचे. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. खड्ड्यांत आम्ल हिंदकळतं, झाकणांतून झिरपतं आणि खालचा पत्रा खातं. ती बॅटरी घराच्या कोपऱ्यात न हलता बसण्यासाठी बनवलेली आहे, तिथे ती उत्तम काम करते. तिला तिथेच राहू द्या.

१०० अँपियर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, १२.८ व्होल्टची, म्हणजे १,२८० वॉट-तास. त्यातले साधारण ११५० बिनधास्त वापरता येतात. वजन तेरा किलोच्या आत. महाग आहे, पण इथे तुम्ही ४५ किलो विकत घेताय असं समजा. ‘लिथियम पेट घेते ना?’ असं तुम्ही विचारलंय. मोबाइलमध्ये आणि बऱ्याच ई-बाइकमध्ये असतात ते सेल वेगळ्या रसायनाचे असतात. फॉस्फेटवाले उष्णतेला बरेच जास्त टिकतात. तरी ढिलं कनेक्शन, बिनफ्यूजची तार यांनी आग लागायला रसायनाची गरज नसते. जुन्या ई-रिक्षांच्या पॅकमधले सेल काढून नव्या डब्यात भरून विकणारेही आहेत; किंमत निम्मी दिसली की तिथून निघायचं.

ही बॅटरी आत ठेवता येते, आणि आतच ठेवा, पलंगाखाली एक्सलच्या जवळ. ड्रॉबारवरच्या बंद पत्र्याच्या पेटीत उन्हाळ्यात सहज पन्नासच्या वर तापमान जातं. या बॅटऱ्यांना चार्जिंगची मर्यादा साधारण शून्य ते ४५ अंश असते. ४५ च्या वर बॅटरीतला बीएमएस, म्हणजे तिची राखण करणारं सर्किट, चार्जिंग तोडतो, आणि मग लोक फोन करतात की ‘बॅटरी खराब निघाली’. खालची मर्यादा स्पितीसाठी लक्षात ठेवा: शून्याखाली चार्ज करायची नाही. पहाटे आतलं तापमान वर येईपर्यंत थांबायचं.

चार्ज कुठून करायची हे लोक शेवटी विचारतात. हाच प्रश्न आधी विचारायला हवा. एसयूव्ही चालते तेव्हा तिच्या अल्टरनेटरकडून, मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे व्होल्टेज आणि करंट आवरून देणारा डबा, लावून. थेट तार जोडू नका. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज कमी-जास्त करतात, आणि रिकामी लिथियम बॅटरी थेट जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो. २५ अँपियरचा चार्जर तासाला सव्वातीनशे वॉट-तास देतो. खारघरहून गुहागरला जाताना पाच-सहा तास लागतातच, तेवढ्यात रिकामी बॅटरी भरून वर वेळ उरतो.

मात्र तार जाड हवी. एसयूव्हीच्या बॅटरीपासून ट्रेलरपर्यंत ७ मीटर धरले तर जाऊन-येऊन १४. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली तर २५ अँपियरला दीड व्होल्ट वाटेतच मरतो. सोळाची घातली तर ०.४ च्या आत. सात पिनांच्या ट्रेलर सॉकेटमधल्या तारा दिव्यांसाठी असतात, त्यांतून चार्जिंग नेऊ नका. त्यासाठी वेगळा ५० अँपियरचा अँडरसन कनेक्टर लावा. आम्ही वेल्डिंगची तांब्याची केबल वापरतो, लवचीक असते. घेताना टोक खरवडून बघा, वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असा माल बाजारात भरपूर आहे. लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेले हवेत. हातोडीने ठोकलेला लग आधी ढिला होतो, मग तापतो.

फ्यूज दोन्ही टोकांना. एसयूव्हीच्या बॅटरीजवळ एक आणि ट्रेलरच्या बॅटरीजवळ एक, दोन्ही टर्मिनलपासून वीतभर अंतरात. फ्यूज तारेला वाचवायला असतो. दोन्ही बाजूंना बॅटरी आहे, म्हणून मधे कुठेही तार घासली तरी दोन्हीकडून करंट येणार. एकच फ्यूज लावलेले ट्रेलर माझ्याकडे सर्रास येतात.

सोलर? तुम्ही दोन-तीन दिवस एकाच जागी राहणार असाल तर हवं. २०० वॉटचं पॅनेल आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण सहाशे वॉट-तास देतं, कारण पॅनेल तापलं की उत्पादन घटतं आणि छतावर ते सपाट पडलेलं असतं. पावसाळ्यात त्याच्यावर विसंबूच नका. तुमच्या सोसायटीत ट्रेलर स्टिल्टखाली उभा राहतो, तिथे छतावरच्या पॅनेलला ऊनच नाही. शिवाय कोकणात आपण सावली शोधून, माडाखाली किंवा सुरूच्या बनात थांबतो. म्हणून घडीचं पॅनेल घ्या, लांब तारेचं. ट्रेलर सावलीत, पॅनेल उन्हात. प्रवासात ते एसयूव्हीत.

इन्व्हर्टर हजार वॉटचा, शुद्ध साइन वेव्हचा पुरे. त्यावर मिक्सर चालतो. पाचशे वॉटचा मिक्सर तीन मिनिटं चटणीसाठी फिरवला तर २५ वॉट-तास जातात, काहीच नाही. पण १,५०० वॉटची इंडक्शन १२ व्होल्टवर सव्वाशे अँपियरच्या वर मागते आणि १०० अँपियरचा बीएमएस ती बंद पाडतो. एसीचं तर नावच काढू नका. एसी आणि इंडक्शन हवी असेल तर होमस्टेच्या किंवा एमटीडीसीच्या आवारात थांबून १६ अँपियरच्या सॉकेटमधून वीज घ्या. तेव्हा ट्रेलरमध्ये शिरतानाच ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवा. वाडीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही ते मालकालाही माहीत नसतं, ट्रेलरचं अंग धातूचं, आणि तुमची मुलगी अनवाणी, ओल्या वाळूतून आत चढणार.

घरी उभा असताना बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवून मेन स्विच बंद करा. पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवायची गरज नाही.

आता गॅस. इथे अमेरिकेतल्या व्हिडिओंनी तुमची दिशाभूल केली आहे, आणि चूक त्यांची नाही. तिकडे प्रोपेनवर स्वयंपाक होतोच, पण त्याहून जास्त गॅस हीटरला, गिझरला आणि गॅसवरच्या फ्रिजला लागतो. थंडीत हीटर रात्रभर चालतो, म्हणून दोन टाक्या. तुम्हाला हरिहरेश्वरला हीटर कशाला हवा? गॅसवरचे फ्रिज आपल्या मे महिन्यात धड थंडही करत नाहीत आणि ट्रेलर अगदी समतल उभा असावा लागतो. उरला स्वयंपाक. एक किलो एलपीजीत साधारण पावणेतेरा किलोवॉट-तास ऊर्जा असते. दोन किलोवॉटचा बर्नर तासाला दीडशे-एकशे साठ ग्रॅम खातो. रोज दीड तास चहा, पोहे, भात, आमटी धरली तरी पाव किलोच्या आत. पाच किलोचा सिलिंडर वीस दिवस जातो. कोकणच्या चार दिवसांसाठी १४.२ किलोचा सिलिंडर नेणं म्हणजे सोळा-सतरा किलो फुकटचं ओझं.

घरगुती सिलिंडर घरातल्या स्वयंपाकासाठीच दिलेला असतो, तो गाडीत घालून फिरवणं नियमातही बसत नाही. तेल कंपन्यांचा पाच किलोचा सिलिंडर ओळखपत्र दाखवून, पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, काही पेट्रोल पंपांवरही असतो. इंडियन ऑइलने त्याला ‘छोटू’ नाव दिलंय. घेताना कड्याखालच्या पट्टीवरची तपासणीची तारीख बघा: ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या आणि पुढे साल. सी-२७ असेल तर सप्टेंबर २०२७ पर्यंत. रस्त्याकडेला मोठ्यातून छोट्यात गॅस भरून मिळतो ते दोन-तीन किलोचे सिलिंडर कितीही सोयीचे वाटले तरी नकोत. त्यांची तपासणी होत नाही, आणि किती भरलाय त्याला धरबंध नसतो.

तर एकाच बंद पेटीत बॅटरी आणि सिलिंडर का नाही, ते आता. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, दीडपट ते दुप्पट. गळला तर वर उडून जात नाही, तळाला साचतो. हवेत साधारण दोन टक्के झाला की पेटू शकतो. आणि त्याच पेटीत तुम्ही ठेवलीत बॅटरी, तिचे टर्मिनल, रिले, स्विच, म्हणजे ठिणग्यांची सगळी सोय. ट्युब्युलर असेल तर वर हायड्रोजनही. अमेरिकेत त्या टाक्या ड्रॉबारवर उघड्यावर असतात, वर फक्त एक टोपण, खालून सगळं मोकळं. तुम्ही काढलेल्या चित्रात चारी बाजूंनी पत्रा आणि रबरी पट्टी लावलेलं झाकण आहे. पाऊस आत येऊ नये म्हणून लावलेली ती पट्टी गॅसही बाहेर जाऊ देणार नाही.

पाच किलोचा सिलिंडर ड्रॉबारवर, जाळीच्या पिंजऱ्यात, उभा. आडवा कधीच नाही, कारण आडव्यातून वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. पिंजऱ्याचा तळ भोकांचा, दोन पट्टे, वर उन्हासाठी पत्र्याचं छप्पर. बॅटरीची तार, दिव्याचं जंक्शन काहीही त्या पिंजऱ्यात नको. भरलेला सिलिंडर १३ आणि पिंजरा ६, म्हणजे १९ किलो. त्यातले पंधरा हिचवर येतात, ते तुमच्या हिशेबात बसतं.

आत गॅसची पाइपलाइन न्यायची का? माझं मत: नको. बारा फुटी ट्रेलरमध्ये आत फोडणी दिली की रात्री उशीला लसणाचा वास येतो. बाजूला सरकणारा ओटा करा किंवा मागच्या दारात घडीचं टेबल, दोन बर्नरची शेगडी बाहेर, सुरक्षा नळी दीड मीटरची, आयएसआय खुणेची, आणि पाच वर्षांनी बदलायची. वर चादरीचा आडोसा. पावसाळ्यासाठी आत हवीच असेल तर भिंतीतून तांब्याची नळी, जोड कमीत कमी, आत स्वतंत्र बंद करायची कळ, जमिनीलगत बाहेर उघडणारं झाकण नसलेलं भोक, तळाशी एलपीजीचा डिटेक्टर आणि झोपायच्या उंचीला कार्बन मोनॉक्साइडचा. हे सगळं बसवूनही गॅसच्या कामाचा जाणकारच दाबाची तपासणी करेल असं बघा. गळती साबणाच्या फेसाने बघायची. नवीन जोडणीनंतर आणि खराब रस्त्याच्या प्रवासानंतर, दर वेळी. वास आला तर १९०६ हा एलपीजी गळतीसाठीचा तातडीच्या मदतीचा क्रमांक आहे, पण आधी रेग्युलेटर बंद, माणसं बाहेर, आणि स्विचला हात नाही.

गाडी हलायच्या आधी रेग्युलेटर काढून दोरीची टोपी व्हॉल्व्हवर बसवायची. नुसतं ‘बंद’ फिरवून चालत नाही. कशेडीच्या बोगद्यात किंवा दाभोळच्या फेरीबोटीवर सिलिंडर उघडा असलेला ट्रेलर नको.

स्पितीबद्दल एवढंच: आपल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन मिसळलेले असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही वायू होतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला थांबतो. वापरत गेलो की आधी प्रोपेन संपत जातो, म्हणून अर्धा रिकामा सिलिंडर थंड पहाटे जास्त रुसतो. तिकडे भरलेला सिलिंडर घेऊन जा. आणि रात्री ऊब यावी म्हणून शेगडी आत पेटवून झोपायचं नाही. खिडकी किलकिली ठेवली तरी नाही.

नवी बेरीज बघा. लिथियम बॅटरी १३, चार्जर-इन्व्हर्टर-तारा ९, सिलिंडर पिंजऱ्यासकट १९, क्रेट आणि जाळीची कपाटं १४, त्यातलं सामान ३५, पाणी ३०, फ्रिज २०, घरचं सामान ६०. एकूण बरोबर २००. ट्रेलर ७४० वर आला. छतावर २०० वॉटचं पॅनेल फ्रेमसकट लावलं असतं तर चौदा किलो वाढून मर्यादा ओलांडली असती, म्हणूनही ते डिकीत.

यातले काही आकडे माझ्या अंदाजाचे आहेत आणि तुमच्या ट्रेलरवर बदलतील. आरसीवरचं ५४० कंपनीतून निघतानाचं असतं. नंतर लावलेलं छत, स्टेपनी, खाली मारलेलं अंडरकोट त्यात नसतं. म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ ट्रकच्या वजनकाट्यावर एसयूव्ही सोडवून नुसता ट्रेलर तोला. काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने दाखवतो, चालेल. हिचचं वजन घरी मिळतं: सपाट जागा, चाकांना पुढे-मागे अडसर, बाथरूमच्या वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा, त्यावर कपलर, उंची हिचइतकीच. काट्याची पावती, हिचचा आकडा, एक्सलची प्लेट आणि टायरच्या बाजूचा भार-क्रमांक यांचे फोटो पाठवा. एक्सलपासून कपलरचं अंतरही मोजून लिहा, मग क्रेटची आणि बॅटरीची जागा सेंटिमीटरमध्ये सांगतो.